बुडीवाल्यांची पेटी

वर्ध्याला समुद्र नाही, हे वयाची तिशी उलटेपर्यंत मला कधी जाणवलं नव्हतं. धाम नदी होती, विहिरी होत्या, उन्हाळ्यात त्याही तळाला जायच्या. समुद्र म्हणजे शाळेच्या नकाशातला निळा रंग. माझा धंदा तसबिरींना काच बसवण्याचा; त्या निळ्या रंगाशी माझं काय देणंघेणं? पण आता दुकान मुलाच्या हाती देऊन मी मोकळा बसलो आहे आणि नातवंडं 'आबा, कामाची गोष्ट सांगा' म्हणून मागे लागतात, तेव्हा मी दर वेळी समुद्राचीच गोष्ट सांगतो.

ज्या दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, त्यानंतरचं वर्षभर मला मान वर करायला फुरसत नव्हती. आंजीहून, अल्लीपुराहून, पार आर्वीकडून माणसं यायची. बुद्धाचं छापील चित्र गुंडाळी करून आणायची आणि काचेच्या चौकटीत बसलं की छातीशी धरून घेऊन जायची. काच कापायचा हिरा माझ्या हातात इतका बसला होता, की डोळे मिटूनही सरळ रेघ मारली असती.

त्याच सुमारास गावात काचेच्या पेटीत रंगीत मासे ठेवायचं वेड आलं. कुणा कापसाच्या दलालानं मुंबईत तसली पेटी पाहिली आणि मला तशीच करायला सांगितली. पेटीचं काम सोपं दिसतं, पण चौकटीच्या कामाहून फार निराळं. लोखंडी कोनपट्टीचा सांगाडा करायचा. खडूची पूड, शेंदूर आणि जवसाचं तेल एकत्र करून कणकेसारखं मळायचं; त्याला आम्ही लांबी म्हणतो. ती पट्टीला आतून थापायची आणि तिच्यावर काच टेकवायची. पाणी भरलं की त्याच्याच दाबानं काच लांबीत घट्ट बसते. पहिल्या दिवशी पेटी थोडी पाझरते, मग आपोआप थांबते. पण गिऱ्हाईकाला तेवढा धीर नसतो. दलालसाहेबांची पेटी मात्र छान बसली. पुढे नातवाच्या बारशाला त्यांनी कौतुकानं माशांना पेढे खाऊ घातले आणि मासे उलटे तरंगायला लागल्यावर माझ्याकडे आले.

"श्रावण, तुह्या काचेत काहीतरी दोष हाये," म्हणाले.

असल्या गिऱ्हाइकांची मला सवय झाली होती. डॉक्टरीणबाईंसारख्यांची मात्र नव्हती.

राज्यं बदलली आणि आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला, तसे तिकडचे अधिकारी बदलून इकडे येऊ लागले. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टर मांजरेकर आले, ते कोकणातले. बैलांचे डॉक्टर आणि आडनाव मांजरेकर, त्यामुळे गाव त्यांना हसून मांजरडॉक्टर म्हणायचं. त्यांच्या पत्नी सुमतीबाई एके दिवशी दुकानात आल्या. उंच, भरभर बोलणाऱ्या, हातात छत्री. समोर ठेवलेल्या पेटीच्या कडेवरून त्यांनी नख फिरवलं.

"मिस्त्री, ही पेटी तुम्ही केली?"

"होय जी."

"काम चांगलं आहे. पण मला चालणार नाही. हे लोखंड मिठाच्या पाण्यात गंजून जाईल."

"मिठाचं पाणी कायले जी? मासे मरतील ना."

"मला मासे नाही ठेवायचे. खेकडे ठेवायचेत. समुद्रातले."

मला हसू आलं. "खेकडे तं आपल्या धाम नदीत मस्त सापडतात. कोण्या ढिवराले सांगतो, पिशवी भरून आणून देईल."

"ते खायचे हो. मला पाळायचेत." त्यांनी पाण्याच्या मगात बोट बुडवून माझ्या फळीवर एक अंड्यासारखा आकार काढला. "एवढेसे असतात, अंगठ्याच्या पेराएवढे. यांना नांग्या नसतात. आमच्या घरासमोर लाट फुटते ना, तिथे ओल्या वाळूत राहतात. लाट आली की वर येतात, लाट मागे गेली की शेपटीकडून आत घुसतात. सारखं तेच. लहानपणी मी तासन् तास बघत बसायची. वाळूखाली ते काय करतात ते मात्र कधी दिसलं नाही. काचेतून दिसेल, नाही का?"

नंतर कळलं, की बाई इंटर सायन्सपर्यंत शिकल्या होत्या आणि पुढे लग्न ठरलं म्हणून कॉलेज सुटलं होतं. डॉक्टरांचं म्हणणं होतं, समुद्रातला जीव वर्ध्याला एक दिवसही जगायचा नाही. बाईंचं म्हणणं होतं, करून बघितल्याशिवाय कसं कळणार?

मी विचारलं, "आणि मरून गेले तर?"

त्या म्हणाल्या, "आपल्या हातून मरायला लागले तर मी हे थांबवीन. हौस म्हणून कुणाचा जीव घ्यायचा नाही. म्हणून तर पेटी चांगली हवी."

ते वाक्य मला लागलं. आता सगळं माझ्या पेटीवर आलं होतं.

लोखंड नको, शेंदूर नको, कारण तो मिठाच्या पाण्यात विष सोडील अशी बाईंना भीती. मग उरलं काय? मी सागवान घेतलं. तीन बाजू आणि तळ लाकडाचा, एक बाजू काचेची. खिळ्याऐवजी लाकडी खुंट्या ठोकल्या. सांध्यात राळ आणि मेण वितळवून ओतलं. पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा पेटी चाळणीसारखी गळली. दुसऱ्यांदा थोडी कमी. शेवटी कापसाची वात राळेत बुडवून सांध्यात छिन्नीनं ठासली, तेव्हा कुठे ती कोरडी राहिली. शेजारी सायकलचं दुकान होतं रहमानभाईचं. तो पंक्चर काढता काढता हे सगळं पाहत होता.

"क्या भाऊ, नाव बनवून राह्यला का?" त्यानं विचारलं. "वर्ध्यात नाव कुठं चालवशील?"

"नाव नाई रे बाप्पा. समुद्र बनवून राह्यलो."

"अरे वा! मग हवा तर लागेलच." आणि त्यानं खरोखरच मोटारीच्या चाकाची जुनी ट्यूब काढली. तिच्यात पंपानं हवा भरायची, तोंडाला बारीक नळी लावायची आणि नळीचं टोक पाण्यात सोडायचं. दिवसभर बुडबुडे येत राहायचे. पेटीत हवा सोडणारा विजेचा पंप वर्ध्यात कुणी पाहिलेला नव्हता; आमचा समुद्र मोटारीच्या ट्यूबवर श्वास घेणार होता.

पेटी घेऊन मी डॉक्टरांच्या घरी गेलो आणि सवयीनं ओसरीवरच थांबलो. बाई आतून म्हणाल्या, "मिस्त्री, पेटी आत ठेवायची आहे. तिथून कशी ठेवाल? या, आधी चहा घ्या." चहा त्यांच्याच कपबशीत आला, आणि डॉक्टर माझ्यासमोर बसून पीत होते. पेटीला त्यांनी हात लावून पाहिला आणि म्हणाले, "घट्ट आहे. बैल बांधला तरी हलणार नाही."

दिवाळी झाली. बाईंचा धाकटा भाऊ वसंता मुंबईत नोकरीला होता. तो सुट्टीला गावी गेला, तिथून खेकडे घेतले, लाँचनं मुंबई गाठली आणि मेलनं थेट वर्ध्याला आला. आम्ही सगळे स्टेशनवर. डब्यातून आधी लोणच्याच्या मोठमोठ्या बरण्या उतरल्या, तोंडाला फडकी बांधलेल्या. हमालानं विचारलं, "काय हाये जी यात?"

"समुद्र," वसंता म्हणाला.

हमालानं बरणी हळूच खाली ठेवली आणि बोट बुडवून चाटलं. तोंड वाकडं केलं. "खरंच हाये," म्हणाला.

मग वसंतानं वाळ्याच्या ओल्या पडद्यात गुंडाळलेलं मडकं काढलं. त्यात ओली रेती, आणि रेतीत बुडीवाले. हे नाव त्यांना माझ्या बायकोनं, शेवंतानं दिलं. बाईंच्या गावात काय म्हणत ते मी आता विसरलो, पण वर्ध्यात ते बुडीवालेच झाले. बाईंनी एक उचलून माझ्या तळहातावर ठेवला. राखाडी, गुळगुळीत, जांभळाएवढा. ना नांग्या, ना चावणं. त्यानं माझ्या हाताच्या रेषांमध्येच मागच्या बाजूनं खणायला सुरुवात केली. इतक्या गुदगुल्या झाल्या की मी फलाटावर ओरडलो.

"हा खेकडा हाये?" शेवंता म्हणाली. "हा तं फुगलेला हरभरा दिसून राह्यला."

पेटीत रेती पसरली, समुद्राचं पाणी ओतलं, बुडीवाले सोडले. एका दमात सगळे खाली गेले. आम्ही वाट पाहत बसलो. पाणी स्वच्छ, रेती सपाट, बुडबुडे चाललेले, आणि खेकडा एकही नाही. दुसऱ्या दिवशी आसपासच्या बायका बघायला आल्या. मान वाकडी करकरून काचेतून बघितलं आणि परत जाताना एक जण म्हणाली, "डॉक्टरीणबाईनं रेती पाळली वो माय."

बाई स्वतःही हसल्या. पण चार-पाच दिवसांनी हसू गेलं. सकाळी रेतीवर एक बुडीवाला पडलेला दिसला, पोट वर. दुसऱ्या दिवशी दोन. बाईंनी सुकट कुटून, फडक्यातून गाळून पाण्यात सोडली होती. त्यांनी ती खाल्लीच नाही, आणि पाणी मात्र वास मारायला लागलं. मी गेलो तेव्हा बाई पेटीसमोर पाटावर बसल्या होत्या. छत्री कोपऱ्यात, पदर खोचलेला, कोपरापर्यंत हात ओले.

"मिस्त्री, मी वसंताला निरोप पाठवते. उरलेले तो परत घेऊन जाईल."

"पेटीत काही खोट हाये का?"

"पेटी उत्तम आहे. हे खातच नाहीत. तोंडासमोर आहे तरी खात नाहीत."

माझ्यासोबत त्या दिवशी शेवंता आली होती. ती काचेला नाक लावून बसली. बाईंनी वासाचं पाणी काढायला बादली बुडवली, तेव्हा पेटीतलं पाणी एका बाजूला झोकांडलं आणि परत आलं. त्या झोक्याबरोबर रेतीतून दोन डोळे वर आले, काडीच्या टोकावर बसवल्यासारखे. मग पंखा उघडावा तशा दोन पिसासारख्या मिश्या उघडल्या, क्षणभर पाण्यात धरल्या आणि तोंडात ओढून घेतल्या.

"बाई! थे पाहा, थे पाहा!" शेवंता ओरडली.

तोवर पाणी थांबलं होतं आणि मिश्या गेल्या होत्या. बाईंनी पुन्हा बादली बुडवली. पुन्हा डोळे, पुन्हा मिश्या. बाई माझ्याकडे पाहत राहिल्या. "अहो, ते वाहतं पाणी गाळून खातात," त्या हळूच म्हणाल्या. "लाट मागे जाते तेव्हा. उभ्या पाण्यात त्यांना जेवण आहे हेच कळत नाही. मी लहानपणापासून बघतेय आणि माझ्या डोक्यात आलं नाही!"

"मग दिवसभर बादली कोण बुडवणार?" मी म्हटलं.

शेवंतानं दोन्ही हात पुढे धरले, सूप धरल्यासारखे, आणि एक बाजू वर, एक बाजू खाली करत पाखडून दाखवलं. "पेटीच अशी हालवा ना. सुपात तांदूळ घोळवतो तशी."

त्या रात्रीचं जेवण मी कसं जेवलो मला आठवत नाही. सकाळ होताच लाकूड घेऊन बसलो. नवीन पेटी लांबोळी केली, ढोरांच्या गव्हाणीसारखी, उथळ. एका टोकाला रेतीचा उतार, दुसऱ्या टोकाला पाणी, लांब बाजूला काच. बरोबर मध्याखाली सागाचा गोल दांडा आडवा, म्हणजे पेटी दोन्हीकडे झुकेल. एका टोकाला दोरी, दोरी वरच्या तुळईला बांधलेल्या विहिरीच्या कप्पीवरून खाली. दोरी ओढली की पाणी रेतीवर चढायचं, सोडली की सळसळत खाली यायचं. रहमानभाईनं दांड्याला दोन्हीकडे सायकलचे छर्रे बसवून दिले, आणि पेटी मग बोटानंही हलायला लागली.

पहिली दोरी बाईंनी ओढली. पाणी उतारावर चढलं. सोडली, पाणी मागे आलं, आणि त्या मागे जाणाऱ्या पाण्यात रेतीतून एकदम सगळे बुडीवाले डोकावले. मिश्यांचं शेतच उगवल्यासारखं झालं! काचेला लागून जे होते त्यांचे पाय दिसले. मागे मागे खणत होते, आतल्या आत, जणू हातानं पीठ सारावं तसे. हेच बाईंना बघायचं होतं. त्या जमिनीवर आडव्या झाल्या, गाल फरशीला टेकवून काचेतून बघत राहिल्या. आणि डॉक्टर, जे कधी मोठ्यानं बोलत नसत, ते दोरी ओढता ओढता ओरडत होते, "सुमती, आली बघ! लाट आली! आता गेली! परत आली!"

मग काय, सगळं गाव लोटलं. आधी ज्या बायका रेती बघून गेल्या होत्या त्या पुन्हा आल्या, आणि प्रत्येकीला दोरी ओढायची होती. पोट्टे रांग लावायचे. आंजीचा एक म्हातारा शेतकरी बैल दाखवायला दवाखान्यात आला होता. डॉक्टरांनी त्याला हौसेनं घरात नेलं. त्यानं खूप वेळ दोरी ओढली. मग म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी जलमात समुद्र पाह्यला नाई. पण हा असा हालतो, हे आज समजलं. याले हालवते कोण?"

बाई म्हणाल्या, "वारा हलवतो, आजोबा."

"मंग चांगलं हाये. माणसानं हालवला असता तं कदी थांबला असता."

दिवसभर दोरी ओढणं कुणाला शक्य नव्हतं, म्हणून सकाळ-दुपार-संध्याकाळ जेवणाच्या वेळा ठरल्या. जेवण म्हणजे काय? एक बरणी समुद्राचं पाणी बाईंनी खिडकीत उन्हात ठेवलं होतं. ते हळूहळू हिरवं झालं. तेच थोडं थोडं ओतायचं. आमच्याकडची हवा कोरडी, पाणी उडून जायचं आणि मीठ मागे राहायचं. त्यावर उपाय डॉक्टरांनी काढला. दूध तपासायचा त्यांचा काचेचा काटा होता, लॅक्टोमीटर. ताज्या समुद्राच्या पाण्यात तो कुठवर बुडतो ती खूण पहिल्या दिवशीच करून ठेवली होती. काटा खुणेपेक्षा वर तरंगला की मीठ वाढलं, मग विहिरीचं गोड पाणी घालायचं. डॉक्टर म्हणायचे, "गवळी दुधात पाणी घालतात आणि मी समुद्रात."

एकदा मी सकाळी गेलो तर रेतीवर एक बुडीवाला पडलेला. उचलला तर वजनच नाही, नुसतं पोकळ टरफल. मी तो तळहातावर घेतला आणि बाईंसमोर धरला.

बाईंनी बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "अहो मिस्त्री, मेला नाही तो, वाढला! जुनी कात टाकलीय. अंग मोठं झालं की कवच लहान होतं, मग ते सोडून देतात. इथे वर्ध्याला येऊन वाढला!" त्यांनी ते टरफल घडी केलेल्या रुमालात ठेवलं आणि शेवंताला दाखवायला पाठवलं. शेवंतानं त्या दिवशी आमच्या घरी शेवयांची खीर केली. शेजारणीनं विचारलं, "काऊन वो, काय झालं?" तर म्हणाली, "बुडीवाल्याले नवा अंगरखा आला."

संक्रांत गेली आणि थंडी उतरू लागली. एक दिवस हिंगणघाटचे एक शेठ मोटार घेऊन आले. त्यांना दिवाणखान्यात अशीच पेटी हवी होती. मला आनंदानं काही सुचेना. मी त्यांना घेऊन बाईंकडे गेलो. शेठजींनी दोरी ओढली, वाहवा केली आणि विचारलं, "बाईसाहेब, घरी ठेवायला चांगले आहेत ना हे?"

मला वाटलं, बाई हो म्हणतील. इतकं केलं होतं आम्ही.

"नाहीत," बाई म्हणाल्या. "शेठजी, खरं सांगते. काढून ठेवलेल्या पाण्यात हे जगत नाहीत. यांना सतत लाट लागते. ती तुम्ही नोकराकडून दिवसाला तीनदा करून घ्याल, पण यांना ती रात्रंदिवस हवी. बोटभर रेती पुरत नाही, वीतभर लागते. जेवण डोळ्यांना दिसत नाही इतकं बारीक लागतं. थंडीचे दिवस आणि सगळं गाव दोरी ओढायला म्हणून हे इतके दिवस निघाले. तरी आम्ही शिकेपर्यंत यातले काही गेलेच. शोभेला ठेवायचं असेल तर रंगीत मासे ठेवा. मिस्त्री उत्तम पेटी करून देतील."

शेठजी गेले. मी फुगून बसलो. "बाई, आपण त्याहिले जगवलं ना जी? मग नाई काऊन म्हटलं?"

"मिस्त्री, फाल्गुनात इथे काय ऊन असतं ते तुम्हाला माहीत. पेटीतलं पाणी चहासारखं होईल. वाळ्याचे पडदे लावून किती दिवस काढाल?"

"मी तळघर करून देतो. ओली रेती, माठ..."

"करून द्याल, मला माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि इतक्या मायेनं म्हणाल्या की माझा राग निम्मा उतरला. "पण मला जे बघायचं होतं ते मी बघितलं. आता ते घरी जाऊ देत."

डॉक्टरांनी आतून विचारलं, "मिस्त्री, तुम्ही कधी समुद्र पाहिलाय?"

"नाई जी."

"म्हणजे न बघताच दोन समुद्र बनवले? मग चला आमच्याबरोबर. शेवंताबाईंनाही घ्या."

मी दुकान रहमानभाईच्या भरवशावर टाकलं. तो म्हणाला, "जाजो, जाजो. पण येताना माझ्यासाठी काही आणजो." "काय आणू?" तर म्हणाला, "शंख. कानाला लावून ऐकतात म्हणे."

बुडीवाले पुन्हा त्याच मडक्यात, ओल्या रेतीत, वाळ्याच्या पडद्यात. गाडीत शेवंता ते मांडीवर घेऊन बसली होती. कुणाला हात लावू देईना. मुंबईहून लाँचमध्ये बसलो तेव्हा पाणी हलत होतं खरं, पण मला मळमळायला लागलं, डोळे मिटून बसलो. त्यामुळे समुद्र मी पाहिला तो बाईंच्या माहेरच्या अंगणातूनच. घरासमोरच्या माडांमधून सरळ गेलो, आणि पुढे सगळं उघडं.

मी थबकलो. इतकं पाणी, आणि कुठेच सांधा नाही! आयुष्यभर कुठून गळतंय ते बघणारा माणूस मी. नजर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवली आणि परत फिरवली. शेवंता तोंडावर पदर धरून उभी होती. मग तिनं पदर काढला आणि मोठ्यानं हसायला लागली, लहान पोरीसारखी, आणि थांबेचना.

बाई साडी घोट्याच्या वर खोचून ओल्या वाळूत उतरल्या. मडकं आडवं केलं. लाट आली, आमच्या पायांवरून गेली, आणि मागे जाताना तिनं मडक्यातली सगळी रेती उचलून नेली. बुडीवाले क्षणभर पाण्यात गोल गोल फिरताना दिसले. पुढच्या क्षणी वाळूवर काहीच नव्हतं. मी वाकून बघत राहिलो. एकानंही मागे वळून पाहिलं नाही. इतके दिवस आम्ही त्यांच्यासाठी दोरी ओढली, हिरवं पाणी पाजलं, आणि हे असे गेले जणू आमची ओळखच नाही. मला गंमत वाटली आणि बरंही वाटलं.

"मिस्त्री, आणखी पुढे या," बाई हाक मारत होत्या. "भिऊ नका!"

मी धोतर वर धरून पुढे सरकलो. लाट आली तेव्हा काही वाटलं नाही. पण ती मागे फिरली, आणि माझ्या पायाखालची रेती तिच्याबरोबर निघाली. टाचा आत, आणखी आत. मी उभ्या उभ्या मागे बुडायला लागलो.

"डॉक्टरसाहेब! धरा मले! धरा!"

डॉक्टर हसत हसत धावले आणि त्यांनी माझं मनगट धरलं. धोतर चिंब भिजलं, टोपी वाहून गेली, आणि शेवंता काठावर पोट धरधरून हसत होती. तेवढ्यात माझ्या उजव्या टाचेखाली काहीतरी गुदगुल्या करत मागे मागे खणायला लागलं. आमच्यातला होता की तिथलाच, कोण सांगणार. मी डॉक्टरांचा हात घट्ट धरला, टाच अलगद वर उचलली आणि त्याला जागा करून दिली.